एक तोंड, दोन आवाज : एका मांडवाचं प्रकरण

व्याख्यान सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच मागून निरोप आला, "आवाज मोठा आहे, पण कळत नाही." "ऐकू येत नाही" आणि "कळत नाही" या दोन तक्रारी साउंडवाल्याने एका पारड्यात टाकू नयेत. पहिलीवर फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, वर सरकवला की काम भागतं. दुसरीवर फेडर सरकवला तर बहुतेकदा रोग बळावतो. इथेही तेच झालं.

प्रकरण नमुन्याचं आहे. तालुक्याच्या गावी हिवाळ्यात भरणाऱ्या सभांची जी मांडणी हमखास दिसते ती घेतली आहे आणि आकडे तिच्यावरूनच काढले आहेत. शाळेचं मैदान, तीन संध्याकाळी, पहिल्या दिवशी व्याख्यान, पुढचे दोन दिवस गाणं. मांडव ३० मीटर रुंद आणि ६६ मीटर खोल. स्टेजच्या दोन बाजूंना मुख्य स्पीकरची जोडी, त्यांच्यापासून ३८ मीटरवर खांबांना बांधलेली दुसरी जोडी. स्टेजच्या डाव्या-उजव्या हाताला १२ बाय ८ फुटांचे दोन एलईडी पडदे, मधल्या खांबांपाशी तसेच आणखी दोन. तीन कॅमेरे, आणि त्यांतल्या कुणाचं चित्र पडद्यावर जाईल ते निवडणारा एक व्हिडिओ स्विचर. मिक्सर मांडवाच्या मधोमध, स्टेजपासून २८ मीटरवर. शिवाय मैदानाच्या कडेला शाळेचं १८ बाय ११ मीटरचं सभागृह. तिथे प्रोजेक्टर, दहा फुटी पडदा आणि दोन स्पीकर. थंडीचा त्रास नको म्हणून ज्येष्ठांची बसायची सोय तिथे केलेली. हेतू चांगलाच होता, पण वयामुळे ज्यांना ओठांचा आधार सगळ्यात जास्त लागतो नेमकी तीच माणसं सगळ्यात वाईट जुळणी असलेल्या खोलीत जाऊन बसली.

तक्रारी तीन ठिकाणांहून आल्या, आणि त्या एकसारख्या नव्हत्या. मांडवाच्या शेवटच्या रांगा म्हणत होत्या, शब्दावर शब्द चढतोय. सभागृहातले म्हणत होते, वक्ता डबिंग केलेल्या सिनेमातल्यासारखा वाटतो, बघून डोकं दुखतं. पुढच्या पाच-सहा रांगांतल्या काहींना पडदा "कसासाच" वाटत होता, पण समोर प्रत्यक्ष वक्ता दिसत असल्याने त्यांनी पडद्याकडे बघणंच सोडून दिलं. मिक्सरवर बसलेल्याला मात्र काहीच खटकत नव्हतं. त्याने मुख्य स्पीकर ४ डेसिबलने वाढवले, मग ट्रेबल वाढवला. मागच्या रांगांना पहिल्यापेक्षा कमी कळायला लागलं.

डोळे मिटून बघा

यंत्र हातात घेण्याआधी एक फुकटची चाचणी करावी. तक्रार करणाऱ्याला अर्धा मिनिट डोळे मिटून ऐकायला सांगायचं.

मांडवाच्या मागच्या रांगेत डोळे मिटून काहीच फरक पडला नाही, शब्द तितकेच चढलेले. म्हणजे दोष निव्वळ आवाजातला, कानाला तोच शब्द दोनदा पोचतोय. सभागृहात डोळे मिटताच माणसं सैल झाली. शब्द फार जास्त कळले असं नाही, पण ओढाताण थांबली. म्हणजे आवाज ठीक आहे, चित्रही ठीक आहे, दोघांची वेळ जुळत नाही. एका मांडवात दोन वेगळे रोग, आणि पहिल्या संध्याकाळी दोघांवर एकच औषध चाललं होतं.

ही चाचणी चालते, कारण बोलणं आपण एकट्या कानाने ऐकत नाही. सम्बी आणि पोलॅक यांनी १९५४ साली गोंगाटात शब्द ओळखायला लावून दाखवलं होतं, की बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर जो फायदा होतो तो आवाज गोंगाटाच्या तुलनेत सुमारे १५ डेसिबलपर्यंत वाढवल्याइतका असू शकतो. एवढे डेसिबल स्पीकरमधून मिळवायला गेलात तर ताकद तिसाहून अधिक पट लागेल, आणि शेजारची वस्ती पोलिसांत जाईल. मेंदू ते काम ओठांकडून फुकट करून घेतो. मात्र ओठ वेळेवर पोचले पाहिजेत.

मदत करणारे डोळे फसवतातही. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात केलेलं काम १९७६ साली 'नेचर'मध्ये आलं. 'गा' म्हणणाऱ्या चेहऱ्यावर 'बा'चा आवाज जोडला, तर ऐकणाऱ्याला 'दा' ऐकू येतो. युक्ती माहीत असली तरी येतो, डोळे मिटले की लगेच 'बा' होतो. मराठीत याचा उपद्रव कुठे होईल ते बघायला आरशासमोर 'माती' आणि 'नाती' म्हणून बघावं. 'म'ला ओठ मिटतात, 'न'ला मिटत नाहीत. कानांच्या दृष्टीने मात्र दोन्ही नाकातली व्यंजनं, आणि वय झालेल्या कानाला किंवा घुमणाऱ्या खोलीत त्यांच्यातला फरक पुसट होतो. अशा वेळी निवाडा ओठ देतात. उलट 'प', 'ब', 'म' या तिघांना ओठ एकसारखेच दिसतात. तिथे ओठांचा उपयोग नाही, कानावरच भिस्त. दोन्ही साक्षीदार अर्धवट, पण त्यांची अर्धी बाजू वेगवेगळी, म्हणून जोडी जमते.

उशीर चालतो, घाई चालत नाही

नदीपलीकडे कुणी धुणं आपटत असेल तर कपडा दगडावर पडताना दिसतो आणि आवाज येईपर्यंत तो पुन्हा वर गेलेला असतो. १२० मीटरवर हा उशीर साधारण ३५० मिलिसेकंदांचा. विसर्जनाच्या मिरवणुकीत लांबून येणाऱ्या ढोलपथकाचं टिपरूही असंच आधी पडतं आणि मागून वाजतं. निसर्गात आवाज चित्राच्या मागे राहतो, पुढे कधीच जात नाही. त्यामुळे मेंदूची सोसण्याची मर्यादा दोन बाजूंना सारखी नाही.

प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने १९९८ मध्ये दिलेल्या शिफारशीत हे स्पष्ट दिसतं. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लोकांना कळतं. मागे राहिला तर मात्र १२५ मिलिसेकंद होईपर्यंत कळत नाही. सहन होण्याची हद्द पुढे ९० आणि मागे १८५. युरोपातल्या प्रसारकांची शिफारस याहून कडक आहे, पुढे ४० आणि मागे ६०. मॅकगर्कचा 'दा' किती अंतरापर्यंत टिकतो हे मोजलं तेव्हाही तसंच तिरपं माप निघालं. आवाज सुमारे ३० मिलिसेकंद पुढे असण्यापासून ते १७० मागे असण्यापर्यंत मेंदू दोघांना एकच मानतो.

यात बोलण्याच्या घडणीचाही वाटा आहे. 'प' फुटण्याआधी ओठ मिटलेले दिसतात, तोंड उघडायला लागलेलं दिसतं, आणि मग आवाज येतो. तोंडाची हालचाल आवाजाच्या १०० ते ३०० मिलिसेकंद आधी सुरू होते. म्हणजे डोळा कानाला आगाऊ वर्दी देतो. आवाज आधी आला तर वर्दी शिळी होऊन पोचते आणि तिचा काहीच उपयोग नाही.

एक बारकावा इथेच सांगून ठेवायला हवा. प्रकाश क्षणात पोचतो खरा, पण डोळ्याचा पडदा त्याचं संदेशात रूपांतर करायला काही दशक मिलिसेकंद घेतो. कानातल्या केसपेशी तेच काम कितीतरी झटपट उरकतात. त्यामुळे साधारण १० ते १५ मीटरवरच्या घटनेत आवाजाचा हवेतला उशीर आणि डोळ्याचा आतला उशीर एकमेकांना भेटतात. त्याच्या अलीकडे मेंदूत आवाज आधी पोचतो, पलीकडे नंतर. वर्गात, ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात आपण बहुतेक याच टापूत असतो. मांडव ६६ मीटर खोल झाला की गणित बदलतं.

मोजमाप

मिक्सरच्या जागेवरून दोष का कळला नाही हे दोन ओळींच्या हिशोबात कळतं. २४ अंश सेल्सियसला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर. २८ मीटरला ८१ मिलिसेकंद, डिजिटल मिक्सरचे स्वतःचे २, एकूण ८३. पडद्यावरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा ९६ मिलिसेकंद उशिरा येत होतं. फरक १३. मांडवातली सगळ्यात निरोगी खुर्ची साउंडवाल्याच्या बुडाखाली होती. भरीला मेंदूची जुळवून घेण्याची खोड. वाका फुजिसाकी आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये २००४ साली दाखवलं, की काही मिनिटं आवाज आणि चित्रात ठरावीक अंतर ठेवून दाखवत राहिलं तर 'एकाच वेळी' याची माणसाची व्याख्याच त्या बाजूला, अंतराच्या साधारण दहाव्या हिश्शाने, सरकते. म्हणून तीन तास त्याच पडद्यासमोर बसलेल्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. त्याला उठवून मागच्या रांगेत पाठवावं, किंवा सरळ मोजावं.

९६ हा आकडा असा काढला. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचं (फ्रेमचं) स्लो-मोशन लावलं. स्टेजवर एकाने हात चांगले लांब नेऊन टाळी वाजवली. प्रत्यक्ष हात आणि पडद्यावरचे हात एकाच शॉटमध्ये घेतले. मग चौकट-चौकट पुढे नेत खरे हात भिडल्यापासून पडद्यावरचे भिडेपर्यंत मोजलं, २३ चौकटी. एक चौकट ४.१७ मिलिसेकंदांची, म्हणून ९६. टाळी एकदाच वाजवून थांबायचं नाही. कॅमेरा २० मिलिसेकंदांत एकच चित्र घेतो, त्यामुळे टाळी त्या खिडकीत कुठे पडली यावर उत्तर दोन-तीन चौकटी इकडेतिकडे होतं. पाच टाळ्यांची सरासरी पुरते. या पद्धतीत आवाजाचा संबंधच नाही, फक्त पडद्याचा उशीर कळतो. बरंच आहे, कारण स्लो-मोशनमध्ये मोबाइलच्या आवाजाचा काही भरवसा नसतो.

सभागृहातून स्टेज दिसत नाही, तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे नवव्या मीटरवरच्या खुर्चीत मोबाइल धरून सेकंदाला ६० चौकटींचं साधं चित्रण केलं आणि एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये टाळीच्या आवाजाचा उंचवटा कुठे आहे ते बघितलं. पडद्यावर हात अजून वीतभर लांब होते आणि आवाज येऊन गेलेला. उंचवट्यापासून हात भिडेपर्यंत ११ चौकटी, म्हणजे साधारण १८४ मिलिसेकंद. मोबाइलची स्वतःची चूक वजा करायला त्याच्यापासून अर्ध्या मीटरवर एक टाळी आधीच घेऊन ठेवायची असते. इथे ती अर्ध्या चौकटीच्या आत होती.

१८४ मिलिसेकंद आवाज *पुढे*. सहन होण्याची हद्द ९०. माणूस बोलताना सेकंदाला पाच-सहा अक्षरं उच्चारतो, म्हणजे सभागृहात ओठ अख्खं एक अक्षर मागे चालले होते. एवढ्या अंतरावर मेंदू 'माती'ची 'नाती' करण्याच्याही भानगडीत पडत नाही, तो दोघांची फारकत करून टाकतो. ओठांचा आधार गेला, आणि नुसतं हलणारं तोंड समोर उरलं, ज्याच्यावरून नजर काढणं माणसाला जड जातं. ज्येष्ठांचं डोकं दुखलं ते यामुळे.

मांडवाच्या मागच्या रांगेचा हिशोब वेगळा. मधल्या खांबांवरच्या स्पीकरना डिले, म्हणजे मुद्दाम घातलेला उशीर, दिलेलाच नव्हता. मिक्सरचे २ धरून, स्टेजपासून ६४ मीटरवर बसलेल्याला २६ मीटरवरच्या खांबाचा आवाज ७७ मिलिसेकंदांनी, मुख्य स्पीकरचा १८७ मिलिसेकंदांनी. मध्ये ११० मिलिसेकंदांची फट, म्हणजे सरळसरळ प्रतिध्वनी. मधल्या पडद्यावरचे ओठ ९६ मिलिसेकंदांवर, या दोघांच्या बेचक्यात. एक तोंड, दोन आवाज, आणि तोंड दोघांपैकी कुणाचंच नाही. आता मुख्य स्पीकर ४ डेसिबलने वाढवल्यावर काय झालं असेल ते उघड आहे. उशिरा येणारा आवाजच मोठा झाला. ट्रेबल वाढवल्यावर त्याच्यातले 'स', 'श', 'त' आणखी टोकदार झाले.

मांडवातली दुरुस्ती

आधी आवाज आवाजाशी जुळवायचा, चित्राला नंतर हात लावायचा. हा क्रम उलटा केला तर एकच काम दोनदा करावं लागतं.

खांबांच्या स्पीकरना ३८ मीटरचे ११० मिलिसेकंद आणि वर १२, असा १२२ मिलिसेकंदांचा डिले दिला. वरचे १२ हे हेल्मुट हास यांच्या १९४९ मधल्या ग्योटिंगेनच्या कामाची देणगी. तोच आवाज दोन ठिकाणांहून आला आणि दुसरा साधारण ५ ते ३० मिलिसेकंद मागे असला, तर माणसाला तो वेगळा ऐकू येत नाही. दिशा पहिल्याचीच वाटते, दुसरा १० डेसिबलपर्यंत मोठा असला तरी. म्हणजे जोर खांबाचा, पण वाटतं बोलणारा स्टेजवरून बोलतोय. मागच्या रांगेत आता मुख्य आवाज १८७ वर आणि खांबाचा १९९ वर पोचू लागला. मुख्य स्पीकरचे वाढवलेले ४ डेसिबल परत घेतले, खांबाचे ३ ने वाढवले.

तापमानाची धास्ती अनेकांना असते. दुपारी तालमीला ३२ अंश आणि रात्री उशिरा १८ अंश धरले, तर ३८ मीटरच्या वेळेत २.७ मिलिसेकंदांचा फरक पडतो. वरचे १२ तो सहज पोटात घालतात. अंतर मात्र टेपने मोजावं. पावलांनी मोजलेल्या ३८ मीटरचे ४१ निघतात आणि ९ मिलिसेकंद तिथेच जातात.

मग चित्र. पुढच्या पडद्यांची ९६ ची वाटचाल उकलली. तीन कॅमेरे आपापल्या लयीत चालत होते, त्यामुळे स्विचर प्रत्येक चित्र एक चौकट धरून ठेवून मग सोडत होता. कॅमेऱ्यांना जेनलॉकने, म्हणजे सगळ्यांना वेळेची एकच खूण देऊन, एका ठेक्यावर आणलं, एक चौकट म्हणजे २० मिलिसेकंद वाचले. एलईडीच्या प्रोसेसरमध्ये चित्र ताणून बसवलं जात होतं. स्विचरचं चित्र जसंच्या तसं, पिक्सेलला पिक्सेल लावून, कडा थोड्या कापल्या. आणखी साधारण तेवढेच वाचले. पुन्हा टाळ्या, पुन्हा मोजणी, १४ चौकटी, ५८ मिलिसेकंद. आठ मीटरवरच्या रांगेत आवाज २५ वर पोचतो. आधी तो ओठांच्या ७१ पुढे होता, आता ३३. कळण्याच्या हद्दीच्या आत. शिवाय हे दोन पडदे थोडे बाहेरच्या बाजूला वळवले. पहिल्या १५ मीटरवाल्यांना वक्ता प्रत्यक्ष दिसतो, त्यांना पडद्याची गरज नाही.

गंमत मागच्या पडद्यांची. जेनलॉकचा फायदा त्यांनाही आपोआप मिळाला आणि त्यांचा उशीर ७६ वर आला. तिथे तो नकोच होता. खांबांच्या मागे पहिल्या रांगेत, ४१ मीटरवर, आवाज १२१ वर पोचतो आणि शेवटी १८७ वर. ७६ चं चित्र शेवटच्या रांगेत १११ मिलिसेकंद पुढे पळालं असतं. म्हणून या दोन पडद्यांच्या प्रोसेसरमध्ये दोन चौकटींचा उशीर मुद्दाम घातला आणि ११६ वर आणलं. आता आवाज पहिल्या रांगेत ५ आणि शेवटच्या रांगेत ७१ मिलिसेकंद मागे, आणि कुठेच पुढे नाही. जो उशीर पुढच्या पडद्यांवर दोष होता तोच मागच्यांवर विकत घ्यावा लागला. चार पडद्यांना एकच फीड देण्याची रूढ सवय इथे नडते.

आवाज कडेच्या स्पीकरमधून आणि ओठ पडद्यावर, हे दिशेचं अंतर कुणाला खटकेल का, अशी शंका निघाली होती. रामदास पाध्ये यांच्या हातातला अर्धवटराव बोलतो तेव्हा आवाज कुठून येतो हे माहीत असूनही तो बाहुल्याच्याच तोंडातून ऐकू येतो. जागा ठरवताना डोळ्याचं पारडं जड असतं. डेव्हिड अलाइस आणि डेव्हिड बर यांनी २००४ मध्ये हेच मोजलं. चित्र जितकं स्पष्ट तितका आवाज त्याच्याकडे ओढला जातो, आणि चित्र फार धूसर केलं की उलट कान डोळ्याला ओढतो. तेव्हा वेळ जुळली असेल तर जागेची काळजी नको, पण कॅमेरावाल्याचा फोकस नीट हवा. हा सल्ला साउंडवाल्याने द्यायचा म्हणजे अंमळ अवघडच.

सभागृह

इथे प्रत्यक्ष स्टेज नाही, म्हणून आवाज हवा तेवढा थोपवता येतो. तरी आधी चित्राचा उशीर कमी करावा, कारण प्रत्येक यंत्राचा उशीर त्याच्या मर्जीने बदलू शकतो आणि जितका कमी तितकी पुढची डोकेदुखी कमी.

सुरुवातीला नवव्या मीटरवर आवाज २८ वर आणि चित्र त्याच्या १८४ मागे, म्हणजे २१२ वर होतं. जेनलॉकने १९२. उरलेल्यात सगळ्यात मोठा वाटा प्रोजेक्टरचा. तो बाकावर ठेवून मान वर केलेली होती, आणि पडद्यावर चित्र वरून रुंद होतं म्हणून कीस्टोनची दुरुस्ती लावली होती. ती दुरुस्ती करायला यंत्र आधी चित्र साठवून मग वाकवतं, इथे त्याचे ६० मिलिसेकंद जात होते. दोन बाकं एकावर एक ठेवून प्रोजेक्टर पडद्याच्या उंचीला आणला, सरळ केला, कीस्टोन बंद. चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करून गेम मोड लावला, आणखी २०. चित्र ११२ वर आलं.

मग मिक्सरवरून सभागृहाकडे जाणाऱ्या ऑक्सवर, म्हणजे आवाजाच्या वेगळ्या वाटेवर, १०४ मिलिसेकंदांचा डिले. पहिली रांग स्पीकरपासून ४ मीटर, मधली ९, शेवटची १६. मिक्सरचे २ आणि हवेचे १२, २६ आणि ४६ मिळवून आवाज ११८, १३२ आणि १५२ वर पोचतो. म्हणजे ओठांच्या मागे ६, २० आणि ४०. मधल्या रांगेत शून्य जुळवलं असतं तर पहिल्या रांगेत आवाज १४ पुढे गेला असता. तो कुणाला कळला नसता, पण उशिराच्या बाजूला जागा मोकळी असताना घाईच्या बाजूला कशाला जायचं?

डिले कुठल्या ऑक्सवर आहे हे दोनदा तपासावं. हाच डिले चुकून गायकाच्या मॉनिटरवर, म्हणजे त्याला स्वतःचं गाणं ऐकवणाऱ्या स्पीकरवर, पडला तर गाणं तिथल्या तिथे थांबेल. स्वतःचा आवाज १००-२०० मिलिसेकंदांनी परत ऐकवला की बोलणाराही अडखळतो, मग ताना घेणाऱ्याचं काय.

दुसऱ्या दिवशीचा तबला

व्याख्यानाला पुरलेली जुळणी तबल्याला पुरेलच असं नाही. बोलण्यात मेंदूची खिडकी रुंद असते, टोकदार आघातात ती अरुंद होते. शेवटच्या रांगेत ७१ मिलिसेकंद. द्रुत लयीतल्या रेल्यात सेकंदाला दहा-बारा बोल सहज पडतात, म्हणजे दोन बोलांत ८० ते १०० मिलिसेकंद. मागच्या पडद्यावर बोटं जवळजवळ पुढच्या बोलावर असतात.

तरीही रेला कुणाला खटकत नाही. एवढ्या वेगात कुठलं बोट कुठला बोल हे डोळा लावूच शकत नाही. खटकते ती सम, आवर्तनाची पहिली मात्रा. तिहाई संपून हात पडतो, मान हलते, आणि 'धा' मागून येतो. आवाज इथे आणखी अलीकडे आणता येत नाही, चित्र आणखी मागे ढकललं तर खांबाजवळच्या रांगा बिघडतात. म्हणून उपाय कॅमेऱ्याकडून घ्यावा लागतो. तिहाईच्या शेवटी मागच्या पडद्यांवर बोटांचा क्लोजअप नको, गायक आणि तबलजी दोघे दिसतील असा रुंद शॉट घ्यायचा. हात लहान दिसला की उशीरही लहान वाटतो. स्विचरवरच्या मुलाला ताल कळत असेल तर हे एका वाक्यात सांगता येतं. नसेल तर तबलजीची मान वर आली की शॉट बदल, एवढी खूण पुरते.

तिसऱ्या दिवशी

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या टाळी-चाचणीत मांडवातले आकडे जागच्या जागी होते. सभागृहात मात्र मधल्या रांगेत आवाज ४० मिलिसेकंद पुढे निघाला, पहिल्या रांगेत ५४. दुपारी खोली झाडताना कुणीतरी बाकं हलवली होती, प्रोजेक्टर पुन्हा खाली आला होता, आणि चित्र तिरपं दिसतं म्हणून त्याच्यावरचं कीस्टोनचं बटण कुणीतरी मनापासून दाबलं होतं. बाकं परत चढवली, कीस्टोन शून्यावर आणला, पुन्हा टाळी घेतली. ६, २०, ४०. मग बाकाच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूने खुणा केल्या, आणि बटणावर काळी चिकटपट्टी लावून वर पेनाने लिहिलं, "चित्र तिरपं दिसलं तर बाक सरळ करा, हे दाबू नका."